पक्क्या घरातली रेडकं

सुभेदार लालासाहेबांचा एकुलता एक मुलगा भाऊसो चीनच्या लढाईत गेला. आधी तार आली, मग दोन महिन्यांनी त्याची पत्र्याची ट्रंक आली. मढं मात्र आलंच नाही. ट्रंकेत कपड्यांखाली एक अर्धवट लिहिलेलं पत्र होतं. घरच्या म्हशींची नावं घेऊन चौकशी केली होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'पावसात रेडकं भिजत असतील. त्यांना पक्का निवारा करा.'

त्याच्या नावानं गावात शाळेची खोली बांधा, असं लोकांनी सुचवलं. सुभेदारांनी रेडकांसाठी घर बांधलं.

आष्ट्याहून कोसभर आत, कृष्णेच्या काळ्या रानात सुभेदारांची वस्ती होती. भोवती ऊस आणि मध्ये चौदा म्हशींचा गोठा. तोवर रेडकं गोठ्याला लागूनच उसाच्या पाचटानं शाकारलेल्या सपारात असायची. तीन बाजू उघड्या, पुढं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. पावसात एका अंगानं भिजायची, पण रात्री सगळी एका ढिगात, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून निजायची. पहाटे म्हशी हंबरल्या की आतून सगळी एकदम ओ द्यायची.

नवं घर बासष्टच्या लढाईनंतर तिसऱ्या उन्हाळ्यात उभं राहिलं. सुभेदारांची सगळी नोकरी लष्करातल्या खेचरांच्या कंपनीत गेली होती, म्हणून घर खेचरांच्या तबेल्यासारखं झालं. विटा-सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आत दोन्ही अंगांना सात-सात खण आणि दोन खणांच्या मध्ये छातीइतकी भिंत. एका रेडकाला दुसरं दिसू नये, दुसऱ्याचं त्यानं चाटू नये, खाऊ नये. भिंतीत लोखंडी कडी आणि कडीला आखूड दावं. बसता येई, उठता येई, वळता येत नसे. वारा लागू नये म्हणून खिडक्या ठेवल्याच नव्हत्या. छताजवळ हातभर लांबीचे दोन झरोके होते, तेवढेच. दारावर काळ्या दगडाची पाटी बसवली आणि तीवर भाऊसोचं नाव कोरलं. पाटी बसवली त्या दिवशी सुभेदारांची बायको लक्ष्मीबाई दाराशी बसून रडली. तिला रडायला तोवर जागाच नव्हती.

त्या घराची झाडलोट बनुबाईकडे आली. बनुबाई आणि तिचा नवरा आकाराम बौद्ध वस्तीतली. छप्पन्न साली साऱ्या वस्तीनं दीक्षा घेतली, त्याच वर्षी मेलेली ढोरं ओढायचं आणि सोलायचं सोडलं. आकारामनं तर बापाच्या वेळची सोलायची सुरी नदीत टाकली होती. तो उसाच्या तोडीवर जाई, बनुबाई सुभेदारांच्या वस्तीवर शेणघाण काढी. गोठ्यात धारेच्या वेळी तिनं जायचं नाही, असा रिवाज होता. तिनं रेडकू उंबऱ्यापर्यंत आणायचं, दावं खाली टाकायचं आणि बाजूला व्हायचं. मग सुभेदारांचा गडी हरिबा ते दावं उचलून रेडकू म्हशीला लावी. दहा वर्षं दावं असंच खाली पडत होतं.

उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला घर छान वाटलं. रेडकं कोरडी होती. येणारे-जाणारे बघून मान डोलवत. श्रावणापासून म्हशी एकामागून एक व्याल्या आणि दसऱ्यापर्यंत बारा खण भरले. मग थंडी सुरू झाली. सुभेदारांनी संध्याकाळी दार लावून घ्यायचा हुकूम दिला आणि झरोक्यांना गोणपाट लावलं.

सकाळी दार उघडलं की आतला वास बनुबाईच्या डोळ्यांत शिरायचा. फरशीचा उतार चुकला होता. मूत बाहेर न जाता मागच्या भिंतीशी साचून राहायचं. पत्र्याखाली घाम धरायचा आणि थेंब थेंब रेडकांच्या पाठीवर पडायचा. ती पाचट पसरायची, दुपारपर्यंत ते ओलं व्हायचं. पण त्याहून तिला दुसऱ्याच गोष्टीनं अस्वस्थ वाटायचं. सपारात रेडकं उड्या मारायची, इथं पहिले चार दिवस ओरडायची आणि मग गप्प व्हायची. भिंत चाटत राहायची. सिमेंटचा गिलावा चाटून चाटून कोपऱ्यातल्या विटा उघड्या पडल्या होत्या. एक पारडी, म्हणजे मादी रेडकू, तर सारा दिवस डावीकडून उजवीकडे झुलायची, नुसती झुलायची. बनुबाईनं तिच्या मानेला हात लावला तरी थांबायची नाही.

तिनं लक्ष्मीबाईला सांगितलं, "काकी, ह्या घरात वारं न्हाई. रेडकं गुदमरत्यात. दिसभर तरी सपारात सोडूया की."

"मी कशी सांगू त्यास्नी?" लक्ष्मीबाई म्हणाली. "त्या घराबद्दल एक सबूद काढला तर जेवत न्हाईत."

मग बनुबाईनंच एकदा धीर केला. सुभेदार अंगणात खुर्चीवर बसले होते. ती लांबच उभी राहिली.

"सुबेदारसाब, रेडकांच्या घराची मागची भित थोडी उघडी केली तर बरं हुईल."

"का?"

"आत लय कोंडतंय. डोळं झोंबत्यात. तुमी घटकाभर आत बसून बघा."

सुभेदारांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "शंभर खेचरं संभाळली मी, बनुबाई. एक आजारी पडू दिलं न्हाई. तुझं काम झाडायचं. झाड."

खेचरांचे तबेले डोंगरावर होते, पुढून उघडे होते आणि खेचरं दिवसभर ओझं घेऊन रानोमाळ हिंडत होती, हे सुभेदारांना कुणी सांगणार नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला पहिलं रेडकू गेलं. आधी पिवळी हगवण लागली, मग नाक वाहू लागलं, मग ते मान लांब करून श्वास ओढू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आखूड दाव्याला लटकल्यासारखं पडलं होतं. हरिबा बौद्ध वस्तीवर गेला आणि आकारामच्या दारात उभा राहिला.

"चल. रेडकू वडायचंय."

"आमी सोडलंय ते काम, हरिबा. नऊ वर्सं झाली. तुला म्हाईत हाय."

"तुझी बायको तितंच कामाला हाय की."

"जित्या रेडकांच्या कामाला हाय. मेल्याच्या न्हाई."

हरिबानं बैल जोडला, रेडकू दोरीनं ओढत रानाच्या टोकाला नेलं आणि खड्डा काढून पुरलं. त्याच्या भावकीतल्या दोघांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला कुणीतरी विचारलं, "काय हरिबा, नवीन धंदा काढलास व्हय?" सगळे हसले. हरिबा हसला नाही.

दोन दिवसांत त्या रेडकाची म्हैस आटली. पूर्वी रेडकू मेलं की त्याचं कातडं सोलून त्यात पेंढा भरत आणि ते म्हशीपुढं उभं करत. म्हैस चाटायची आणि पान्हा सोडायची. आता सोलणार कोण? म्हैस दाव्याला हिसके देत ओरडत राहिली. तिच्या ओरडण्यानं बाकीच्याही दूध चोरू लागल्या.

पंधरवड्यात आणखी तीन गेली. ती झुलणारी पारडीही गेली. मरायच्या आदल्या दिवशी तिनं झुलणं बंद केलं तेव्हा बनुबाईला वाटलं होतं, आता बरी होईल. ती तिच्याजवळ बसून राहिली, तिला गूळपाणी पाजत. पारडीच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

आता बनुबाई रोज सांगत होती. हरिबाला सांगितलं, लक्ष्मीबाईला सांगितलं, एकदा सुभेदारांच्या पाया पडायला खाली वाकली. ते मागं सरकले. "माझ्या पोराचं घर पाडायला सांगतीस?" एवढंच म्हणाले.

पाचवं रेडकू मेलं तेव्हा टपरीवर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. पहिल्यांदा कोण बोललं ते कुणाला सांगता आलं नाही. काही म्हणत हरिबा बोलला. 'ढोरं वडायला लावत्यात म्हणून राग. बनुबाईच्या हातात सारा दिस रेडकं. काय घालतीया कुनी बघितलंय?' जुन्या काळी गावात ढोर मेलं की असा संशय ढोरं ओढणाऱ्या घरांवरच यायचा. नऊ वर्षं तो दबून होता. एका दुपारीच तो गावभर झाला.

सुभेदारांचा पुतण्या दादासो तालमीत जाणारा. तो आणखी दोघांना घेऊन उसाच्या पाणंदीत थांबला. आकाराम तोडीवरून कोयता खांद्यावर टाकून येत होता. अजून ऊन होतं. मागून बाकीचे तोडकरी येत होते.

"काय घालती रं तुझी बायको रेडकांस्नी?" दादासोनं विचारलं.

"काय घालंल? पाचट घालती खाली. दुसरं काय?"

"सरळ सांग."

"सरळच सांगतोय. तुमचं घरच मारतंय त्यास्नी. जाऊन बघा की."

हे वाक्य त्याला महाग पडलं. त्यांनी कोयता हिसकावून उसात फेकला आणि त्याला खाली पाडलं. हात वर करून तो डोकं वाचवत होता, त्या हातावर दादासोनं उसाचा बुडखा घातला. मागून येणारे तोडकरी थांबले. त्यांतला एकही पुढं आला नाही. आकाराम उठला तेव्हा उजवा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता.

बनुबाईनं घराच्या भिंतीला टेकवून त्याला बसवलं, हाताला कामट्या बांधल्या आणि विचारलं, "कुनी मारलं?" त्यानं सांगितलं.  मग तो म्हणाला, "उद्यापासनं जाऊ नगंस."

"गेले न्हाई तर म्हंतील, पळाली. केलं म्हणून पळाली."

ती गेली. दारात हरिबा उभा होता. "आत यायचं न्हाई," तो म्हणाला. "सुबेदारसाबांनी सांगितलंय." बनुबाई तशीच परत फिरली. तिच्याशिवाय घर झाडलं जात होतं, पाचट पडत होतं, आणि तीन दिवसांत सहावं रेडकू गेलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर ते बोलले नाहीत. आधी दिलेलं विष सावकाश भिनतं, असं टपरीवर ठरलं.

सुभेदार मात्र शिस्तीचा माणूस होता. त्यांना पुरावा पाहिजे होता. चौकीवर तक्रार द्यायची तर कागद हवा, म्हणून त्यांनी तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. डॉक्टर सायकलवरून आला. तिशीतला, बारीक अंगाचा, नाकावर रुमाल. त्यानं सहावं रेडकू बघितलं आणि म्हणाला, "चिरून बघावं लागेल. इथं नको. उजेडात, बांधावर घ्या."

आता ते उचलणार कोण? हरिबा म्हणाला, "मी एकट्यानं पाच पुरली. आता माझी भावकी मला पंगतीला घेत न्हाई. मी हात लावत न्हाई." दादासो मागं सरला. गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांतली काही बौद्ध वस्तीकडं बघू लागली. वस्तीतली माणसंही आली होती, पाणंदीच्या पलीकडं उभी होती. त्यांच्यात बनुबाई होती आणि हात गळ्यात बांधलेला आकाराम होता. कुणी हललं नाही.

सुभेदारांनी कोट काढला. तो हरिबाकडं दिला. धोतराचा सोगा खोचला, आत गेले, रेडकाचे मागचे पाय धरले आणि ते ओढत बाहेर आणलं. उंबऱ्याला रेडकाचं डोकं आपटलं तेव्हा जमलेल्यांतून आवाज आला. साठीचा माणूस, छातीवर पदकं मिळवलेला, साऱ्या गावादेखत मढं ओढत शंभर पावलं चालला. धाप लागली तरी थांबला नाही. लक्ष्मीबाईनं तोंडावर पदर घेतला. सुभेदारांना बनुबाईला पकडून द्यायचं होतं, आणि त्यासाठी ते काहीही करायला तयार होते.

डॉक्टरनं पोट उघडलं. आतडी उलटसुलट करून बघितली. मग पोटातून एक ओला गोळा काढून त्यानं बांधावरच्या दगडावर ठेवला आणि काडीनं फोडला.

"हे केस आहेत," तो म्हणाला. "स्वतःच्या अंगाचे. आणि हे सिमेंटचे खडे, विटेचा चुरा. भिंत चाटत होतं का?"

 पाणंदीच्या पलीकडून बनुबाई म्हणाली, "चाटत व्हतं. समदीच चाटत्यात."

"विष?" सुभेदारांनी विचारलं.

"विषाची खूण दिसत नाही." डॉक्टरनं छाती उघडली. फुप्फुसं गुलाबी असायची ती काळसर, यकृतासारखी घट्ट झाली होती. त्यानं एक तुकडा कापून बादलीतल्या पाण्यात टाकला. तो बुडाला. "चांगलं फुप्फुस तरंगतं. यात हवाच राहिलेली नाही. कुठं ठेवता ही?"

सुभेदारांनी हातानं दाखवलं. डॉक्टर घरात गेला आणि लगेच रुमाल दाबत बाहेर आला. डोळे पुसत तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, हे घर जनावर मारायलाच बांधल्यासारखं आहे. वारा नाही, ओल आहे, मुताची वाफ वर जायला जागा नाही. एकाला हगवण लागली की तीच घाण फरशीवरून सगळ्यांच्या पायांखाली. आणि इतकी लहान पोरं एकेकटी, दावं हे एवढं. आजच्या आज बाहेर काढा."

तो हात धुऊन गेला. लोक पांगले. पांगताना कुणी आकारामकडं बघितलं नाही.

सुभेदार त्या घरात गेले आणि दार आतून ओढून घेतलं. लक्ष्मीबाई बाहेर उंबऱ्यावर बसून राहिली. आत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, फक्त रेडकांच्या खोकल्याचा आवाज येत होता आणि मधूनच एका माणसाचा. दिवस कलायला आला तेव्हा ते बाहेर आले. डोळे लाल होते, अंगातली कोपरी ओली होती. ते वाकून खोकत राहिले. तिनं पाणी दिलं.

"त्यानं लिवलं व्हतं," ते म्हणाले. "पक्का निवारा करा म्हणून. मी केला की गं."

"केलासा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग तीच उठून आत गेली आणि एकेक दावं सोडू लागली. सहा रेडकं उरली होती. त्यांना धड चालता येत नव्हतं. धारेपुरती सोडली तर दोन-तीन महिने वळलीच नव्हती, पाय आखडले होते. तिनं आणि हरिबानं ती ढकलत, उचलत जुन्या सपारात नेली. पहिल्यांदा ती जिथं ठेवली तिथंच, एकमेकांपासून लांब, भिंत शोधत उभी राहिली. अंधार पडायच्या आत त्यांतली दोन रेडकं एकमेकांना टेकून बसली. सकाळी पाहिलं तर सहाही एका ढिगात होती, पण ढिगाखालचं एक मेलं होतं. त्या आठवड्यात आणखी एक गेलं. चार जगली.

मागची भिंत सुभेदारांनी स्वतः पहारीनं पाडली. गवंड्याला बोलावलं नाही. दगडाची पाटी तेवढी ठेवली.

पुढच्या रविवारी लक्ष्मीबाई बौद्ध वस्तीवर आली. ती त्या वस्तीत कधी आली नव्हती. बनुबाईनं घोंगडी टाकली. ती क्षणभर थांबली आणि बसली.

"ये माघारी, बनू," ती म्हणाली. "ती चार तुलाच वळखत्यात. हरिबाच्या हातनं पीत न्हाईत."

बनुबाई चुलीपाशी बसली होती. आत आकाराम भिंतीकडं तोंड करून निजला होता. हाड चुकीचं बसलं होतं. बोटं मिटत नव्हती, कोयता धरता येणार नव्हता.

"येती की," बनुबाई म्हणाली. "पर सुबेदारसाबांनी चावडीत चार मानसांत सांगावं. बनुबाईनं काय घातलं न्हवतं, एवढंच. दादासोला बोलावून सांगावं."

 "मी बोलते त्यांच्याशी," लक्ष्मीबाई म्हणाली आणि उठली.

ती बोलली. सुभेदार ऐकून घेत, मान हलवत आणि रानात निघून जात. मढं सगळ्यांदेखत ओढायला त्यांना लाज वाटली नव्हती. चावडीत उभं राहून एक वाक्य बोलायला जमलं नाही. पंधरा दिवस गेले. एका सकाळी त्यांनी हरिबाच्या हाती वस्तीवर अर्धं पोतं जोंधळं पाठवलं. आकारामनं डाव्या हातानं पोतं उचलायचा प्रयत्न केला, मग बनुबाईला म्हणाला, "पोचव माघारी." तिनं ते डोक्यावर घेतलं, सुभेदारांच्या उंबऱ्यापर्यंत नेलं, खाली ठेवलं आणि बाजूला झाली. आतून कुणी आलं नाही.

माघात दोघांनी घर मोडलं. सांगलीत हळदीच्या पेठेत बनुबाईच्या बहिणीची ओळख होती. बाईमाणसाला निवडायचं काम मिळत होतं. आकारामच्या हाताला तिथंही काम नव्हतं, पण बहिणीचा नवरा म्हणाला होता, राखणीला बसता येईल. बोचकी बांधून ती दोघं आष्ट्याच्या रस्त्याला लागली तेव्हा रानात तोड चालू होती. तोडकऱ्यांतला एकजण कोयता खाली ठेवून म्हणाला, "निगालास व्हय रं आकाराम?" आकाराम म्हणाला, "निगालो." एवढंच बोलणं झालं.

पुढं कित्येक वर्षं टपरीवर कुणी नवखा माणूस त्या पडक्या भिंतीच्या घराबद्दल विचारायचा. तेव्हा हरिबा, म्हातारा झालेला, चहाची बशी तोंडाला लावून सांगायचा, "लय रेडकं मेली हितं. डॉक्टर म्हनला हवा न्हवती. आसंल. पर एक बाई व्हती कामाला. ती गेली आनि मरायची थांबली बघा."